बांधलेल्या घोड्याचं प्रारब्ध

टेक्सासात आमच्या घोड्यांच्या ट्रेलरला पुढच्या बाजूला माणसांसाठी खोली आहे: पलंग, प्रोपेनची शेगडी, हीटर. पातळ भिंतीपलीकडे दोन घोडे. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा शेगडीला हळदकुंकू लावून म्हणाल्या, "अग्नी देव आहे, तो सांभाळेल." ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त अग्नीचं; वाद कसला घालणार? पण देव मानला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लागतो. ओलसर गवताचे गठ्ठे आतल्या आत तापून पेटू शकतात. चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपलं तर धावत्या ट्रेलरलाच आग. मी पेट्रोलपंपावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन धग बघते; लोक हसतात, हसू देत.

माणूस भाजला तर प्रारब्ध म्हणायची आपल्याकडे सोय आहे. (मला ती तिथंही पटत नाही, पण ते असो.) घोड्याला ती कशी लावायची? दोरी मी बांधली, दार मी बाहेरून लावलं. त्याच्या पूर्वजन्माचा हिशेब मला ठाऊक नाही. कडी कुणी घातली ते ठाऊक आहे. म्हणून एका हिसक्यात सुटणारी गाठ मारते, आग विझवायचं नळकांडं दाराशीच ठेवते. सासूबाईंना यात श्रद्धेची कमतरता दिसते. मला वाटतं, देवावर हवाला ठेवायचाच तर स्वतःच्या जिवाचा ठेवावा, दुसऱ्याच्या नव्हे. झोपताना हीटर बंद करते. जानेवारीत त्यावरून घरात बरीच कुरकुर होते.