घरी दिलेला शब्द

परदेशाची हवा, अन्न, रीतभात यांतले काही ठाऊक नसताना घरी दिलेला शब्द तेथे बंधनकारक ठरतो काय?

मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य मानण्याचे वचन आईला देऊन मोहनदास गांधी १८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. पहिल्या दिवसांत पाव-मुरंब्याने पोट भरेना, अधिक मागण्यास लाज वाटे. रात्री घराच्या आठवणीने डोळे वाहत. निरक्षर आईपुढे, इथली परिस्थिती न जाणता दिलेल्या वचनाचे मोल ते काय, असे एका स्नेह्याने विचारले. बेंथमचा उपयुक्ततावादही वाचून दाखविला. गांधींना वाद घालता येईना. पण त्यांनी शब्द मोडला नाही. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडली. तेथे घेतलेले हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचून त्यांनी शाकाहार स्वबुद्धीने स्वीकारला.

मांसाहार योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे गौण आहे. परक्या गावी एकाकी माणसाला सोबत हवी असते. सोबतीसाठी तो समोरच्याचे म्हणणे चटकन मान्य करतो. अशा वेळी दिलेला शब्द विचाराचा वैरी नसतो. विचार परिपक्व होईतो तो त्याची जागा राखतो, असे आम्हांस वाटते. मुलांकडून वचने घेणाऱ्या आपणही एवढे स्मरावे, की ती एके दिवशी त्यांनी स्वतः पारखून घ्यावयाची आहेत.