मागीलदाराची किल्ली

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या क्षमतेतून सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला, स्वतःची काया नसलेला संगणक; आणि सिरीयल कन्सोल म्हणजे नेटवर्क बंद असतानाही त्याच्याशी अक्षराअक्षराने बोलण्याची वाट, जी १९६० च्या आरएस-२३२ मानकातील तारेची नक्कल करते (नव्या यंत्रांना अखेर जुन्या तारेचाच आधार घ्यावा लागतो, ही यातली गंमत). ही वाट वापरकर्त्याला द्यावी का, हे तपासण्यासाठी तेरेखोलच्या काठी बांद्यातील एखाद्या पतसंस्थेचे हिशेब मुंबईतील डेटा सेंटरमधल्या अशा मशीनवर आहेत, असे कल्पावे.

पूर्वपक्षी : फायरवॉलचा एक नियम चुकला की पुढची वाट बंद होते, आणि पुराचे पाणी ओलांडून मुंबई गाठली तरी तेथे हात लावण्यासारखे स्वतंत्र यंत्रच नसते. अशा वेळी मागीलदारानेच आत जावे लागते. मग ज्याचे घर त्याच्याकडे त्या दाराची किल्ली का नसावी?

उत्तरपक्षी : घर पतसंस्थेचे आहे, तिच्या तंत्रज्ञाचे नव्हे, हे आपण विसरता. मशीन पुन्हा सुरू करून बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणालीला जागे करणारा प्रोग्राम, कन्सोलवरून अडवला आणि त्याला पासवर्ड नसला, तर सामान्यतः लॉगिनशिवायच रूटचे सर्वाधिकार हाती येतात. शिवाय कन्सोलची खिडकी मिटल्याने लॉगिन संपतेच असे नाही. पुढे जो जोडला जाईल, त्याला आधीच्याचे अधिकार आयतेच मिळतात.

पूर्वपक्षी : धोके खरे आहेत, परंतु यजमान संगणक, म्हणजे मशीन ज्यावर चालते तो प्रत्यक्ष संगणक, चालवणाऱ्याच्या हाती ते दार आजही आहे. वापरकर्त्याला नकार दिल्याने मालक तेवढा बाहेर राहतो.

उत्तरपक्षी : पण लिबव्हर्ट या व्यवस्थापन-सेवेचा पूर्ण प्रवेश देऊन कन्सोल पुरवला, तर शेजाऱ्यांच्या मशीनसकट यजमान संगणकच आंदण दिल्यासारखे होते.

पूर्वपक्षी : म्हणूनच मधे ओळख तपासून एकच मशीन जोडून देणारी सेवा असावी. अॅमेझॉनने २०२१ च्या मार्चमध्ये आपला कन्सोल आणला तोही मुळात बंद ठेवून, म्हणजे खातेधारकाने तो जाणीवपूर्वक चालू करावा लागतो.

येथवर पूर्वपक्षाचेच पारडे जड आहे, कारण देण्याची सदोष रीत हा न देण्याचा युक्तिवाद ठरत नाही. खरी अडचण नोंदीपाशी येते.

उत्तरपक्षी : तंत्रज्ञाने काय केले, हे संचालकांना कळावे कसे? पडद्यावर उमटलेले तेवढे टिपले, तर पासवर्ड नोंदीत येत नाही, पण कुहेतू असलेला मनुष्य टाइप केलेले उमटणेच बंद करून आपल्या आज्ञा लपवू शकतो. प्रत्येक कळ टिपली, तर पासवर्डही टिपला जातो.

पूर्वपक्षी : पडदाच टिपावा, आणि कन्सोल उघडताच संचालकांना सूचना जावी. थोडे निसटेल, ते पत्करावे.

उत्तरपक्षी : आणि कूटबद्ध डिस्क उघडण्याचा परवलीचा शब्द मशीन सुरू होताना याच वाटेने द्यावा लागला, तर तो यजमानाच्या हातून जाईल, तेव्हा मालकाने स्वतःसाठी मागितलेल्या दारातून आपले गुपितही त्याच्या स्वाधीन केलेले असेल.

पूर्वपक्षी : मशीनची स्मृतीही यजमानाच्याच संगणकात असते, त्यामुळे तो विश्वास मशीन भाड्याने घेतले तेव्हाच टाकलेला आहे, कन्सोलमुळे तो फक्त दिसू लागतो.