ठिणगीची शिल्लक

गार पडलेलं इंजिन सुरू करताना ठिणगी सर्वांत अशक्त असते आणि इंजिनाला ती सर्वांत दणकट हवी असते तीही नेमकी त्याच क्षणी. जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरची हिवाळ्यातली सगळी अडचण एवढीच आहे. स्टार्टर फिरू लागला की बॅटरीतला बहुतेक प्रवाह तोच ओढून घेतो. सहा व्होल्टची बॅटरी त्या ओढीखाली पाचावर येते, थोडी थकलेली असेल तर त्याहीखाली. कॉइलच्या वाट्याला मग उरलंसुरलं. त्यात कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह पाऊणपट झाला की ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते. तिकडे सिलिंडरमध्ये गारठलेल्या पेट्रोलची धड वाफ होत नाही, मिश्रण पेटायला तयार नसतं, आणि घट्ट झालेलं ऑइल स्टार्टरला आणखी दमवतं.

महाराष्ट्रात ट्रॅक्टर म्हटलं की डिझेलचाच डोळ्यांपुढे येतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. पण आमच्या मिशिगनमध्ये अजून कितीतरी कोठारांत फोर्ड ८एन उभे आहेत, वर राखाडी आणि खाली लाल. 1947 ते 1952 या काळात पाच लाखांहून अधिक बनले. ते पेट्रोलवर चालतात, आणि त्यांचं इग्निशन म्हणजे तेच प्लॅटिन पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल. ज्यांनी लूना किंवा जुनी स्कूटर वापरली, काचपेपरने प्लग घासला, त्यांना ही मंडळी परकी वाटणार नाहीत.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध शेतकरी राहतात. शेती आता त्यांच्याकडून होत नाही, पण त्यांच्या ८एनला मागे बर्फ ओढायचं पातं लावलेलं असतं आणि जानेवारीत आमच्या रस्त्यावरच्या घरांपुढचा बर्फ तेच दूर करतात. त्यातल्या एका घरात एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. बर्फ निघाला नाही तर त्यांच्या दारापर्यंत अँब्युलन्स पोचणार नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये झाडांची पानं लाल झाली की हे गृहस्थ ट्रॅक्टरच्या पुढच्या भागातला डिस्ट्रिब्युटर सोडवतात. 1950 च्या मध्यापर्यंतच्या ८एनमध्ये तो इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, पंख्यामागे अडचणीत बसवलेला असतो. तिथेच हात घालून झटापट करण्यापेक्षा कॉइल बाजूला करायची, दोन बोल्ट काढायचे आणि अख्खा डिस्ट्रिब्युटर टेबलावर घ्यायचा, हे सोपं. परत बसवताना चूक होण्याचं भयही नाही, कारण त्याच्या दांड्याची जीभ मुद्दाम एका अंगाला सरकवलेली असते. ती एकाच रीतीने बसते. ज्याने हे योजलं त्याने रानात एकट्याने दुरुस्ती करणाऱ्या शेतकऱ्याचा विचार केला होता, हे दिसतं.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उसळतो. तोच प्लगच्या फटीतून उडी मारतो. कंडेन्सर नसेल तर हा जोर पॉइंटांच्याच तोंडाशी जळून जाईल. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला चार हजार वेळा उघडतात, तासाला दोन लाख चाळीस हजार वेळा. आणि ही उघडझाप ज्या फटीवर चालते, ती असते एका इंचाच्या हजारातले पंधरा भाग, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशांहून किंचित कमी. पॉइंट उघडणारा फायबरचा ठोकळा झिजत जातो, तशी ही फट मिटत जाते. टायमिंग मागे पडतं, ठिणगी मंदावते. हे सगळं इतकं सावकाश होतं की ट्रॅक्टर रोज चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या शेजारच्या आजोबांची पद्धत मी बघत असतो. आधी ते एक जाड, कोरं पांढरं कार्ड पॉइंटांच्या मध्ये धरतात, पॉइंट मिटू देतात आणि कार्ड हलकेच ओढून काढतात. कार्डावर काळी रेघ उमटते. कार्डाची कोरी बाजू घेऊन पुन्हा ओढतात, रेघ फिकी होते, आणि ती उमटेनाशी होईपर्यंत हेच चालतं. पॉइंटांवर खड्डा आणि उंचवटा झाला असेल तरच कानस, तीही अगदी नाजूक. मग कॅमचा सर्वांत उंच भाग ठोकळ्याखाली येईल असा दांडा फिरवून फीलर गेजचं पान फटीत सरकवतात. पान जरासं अडत सरकावं, पण पॉइंट ढकलून नव्हे. स्क्रू कसला की फट पुन्हा हलते, म्हणून कसल्यावर पुन्हा मोजायचं. कॅमला ग्रीस लावायचं ते तांदळाच्या दाण्याएवढं; जास्त झालं तर फिरताना उडून पॉइंटांवरच बसतं आणि केलेली साफसफाई वाया जाते. शेवटी दांडा बोटांत धरून इकडेतिकडे हलवून बघतात. बुश झिजून दांडा डगडगत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला फट वेगळी मिळते आणि मग कितीही काटेकोर मोजलं तरी उपयोग नाही.

थंडी काहीच बिघडवत नाही, असं मला हे बघताना वाटत आलं आहे. पॉइंट थंडीने झिजत नाहीत, टर्मिनलवरची पांढरी बुरशी थंडीने चढत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत केसाएवढी काळी रेघ थंडीने पडत नाही. हे सगळं जूनमध्येही होतं. जूनमध्ये बॅटरी तगडी होती, ऑइल पातळ होतं, पेट्रोलची वाफ सहज होत होती, म्हणून दहा ठिकाणची गळती खपून गेली. शून्याखाली अठरा अंशांवर बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि खपवून घेण्याजोगी शिल्लकच उरत नाही. कोकणात मृगाआधी घराची शाकारणी करतात, तीही याच जाणिवेने: वैशाखात सरकलेल्या कौलातून उन्हाचा एक कवडसा तेवढा आत येतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. माणसाच्या आयुष्यात ज्याला आपण ‘अचानक झालं’ म्हणतो, तेही पुष्कळदा बरंच आधीपासून होत असतं. अंगात रग असते, हाताशी पैसा असतो, घरात माणसं असतात, तोवर ते भागून जातं. दुखणं येतं, नोकरी जाते, आणि तेव्हा कळतं की भावाशी धड बोलणंच कित्येक वर्षांत झालेलं नाही. दुखण्याने ते नातं तोडलेलं नसतं.

म्हणूनच बारा व्होल्टवर जाण्याची घाई मला पटत नाही. ट्रॅक्टर थंडीत सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो हाच: सहा व्होल्ट काढून टाका, बारा बसवा. स्टार्टर जोरात फिरतो हे खरं. पण मळलेले जोड तसेच राहतात, फक्त त्यांच्यावर जास्त दाब टाकला जातो. शिवाय कॉइल बदलली नाही किंवा योग्य रेझिस्टर घातला नाही, तर कॉइल आणि पॉइंट दोन्ही जळतात. सहा व्होल्टवर हे ट्रॅक्टर मिशिगनच्या थंडीत वर्षानुवर्षं सुरू होत आले. याच घराण्यातले तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचले होते, तेही पेट्रोलचेच. आधी केबल बघाव्यात. निम्म्या दाबावर तेवढंच काम करायला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून सहा व्होल्टला जाडजूड केबल हवी. मोटारींच्या दुकानात सहज मिळणारी केबल बारा व्होल्टच्या हिशेबाने पातळ असते, अर्धी ताकद तीच खाते. बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट; तो जोड जिथे बसतो तिथला रंग आणि गंज खरवडून धातू उघडा पाडायला हवा.

ओल हा दुसरा शत्रू. शरदात दिवसा ऊब आणि रात्री हिव, त्यामुळे टोपीच्या आत दव धरतं. टोपी आतून कोरडी पुसावी, काळी रेघ दिसली तर टोपी बदलावी, आणि खालचं गॅस्केट आहे की नाही ते बघावं. अनेक ट्रॅक्टरांतून ते केव्हाच गायब झालेलं असतं. प्लगच्या वायरी तपासायला अंधार बरा. रात्री इंजिन चालू ठेवून बघितलं तर जिथे आवरण फुटलं असेल तिथून निळ्या ठिणग्या इंजिनाच्या अंगावर उडताना स्पष्ट दिसतात. दिवसा तीच वायर अगदी ठणठणीत वाटते.

सगळं बसवून झालं की प्लगची वायर इंजिनापासून पाव इंचावर धरून स्टार्टर मारायचा. धरायची ती मात्र लाकडी चिमट्याने. ठिणगी निळी-पांढरी यावी आणि तिचा चट्‌ असा आवाज ऐकू यावा. पिवळट, बारीक आली तर अजून कुठेतरी गळती आहे. किल्ली चालू ठेवून विसरायचं नाही, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते. आणि चालता कंडेन्सर केवळ जुना झाला म्हणून फेकायचा नाही. आजोबा नवे पॉइंट बसवतात तेव्हाही कंडेन्सर जुनाच ठेवतात आणि नवा डब्यात घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेजच्या शेजारी ठेवून देतात.