खाडा

पुण्यात येरवड्याच्या लक्ष्मीनगरात किंवा नागपूर चाळीच्या आसपास एका खोलीत पाच-सहा माणसांचा संसार असतो. तिथे पाळी आलेल्या बाईनं बाजूला बसायचं ठरवलं, तरी बसायला बाजूच नाही. सुधारकांना जमलं नाही ते या खोल्यांनी करून टाकलं. पाळीतही भाकरी तीच थापते, पाणी तीच भरते. अनेक घरांत विटाळ उरलाय तो फक्त देव्हाऱ्यापुरता, आणि लोणच्याच्या बरणीपुरता.

मुलीला पाळी येते साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी. प्रजननसंस्थेचा सविस्तर धडा दहावीच्या विज्ञानात येतो. मधल्या दोन-तीन वर्षांत ‘शिवू नको’ एवढंच तिला शिकवलेलं असतं, आणि ते पक्कं बसतं.

खरं तर पाळी का येते हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे अंडाशयात एक स्त्रीबीज पिकू लागतं. इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. सुटलेलं बीज जेमतेम दिवसभर टिकतं. गर्भ रुजलाच तर तयारी असावी म्हणून प्रोजेस्टेरॉन ते अस्तर सांभाळतं. गर्भ राहिला नाही, की दोनेक आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन ओसरतं, अस्तराच्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळतात आणि अस्तर सुटून येतं. १९४० साली जोसेफ मार्की या अमेरिकन संशोधकानं माकडिणींच्या डोळ्यात या अस्तराचे तुकडे रुजवून त्या वाहिन्या आवळताना प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. पोटात कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे. त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावून अस्तर बाहेर ढकलतं. साऱ्या दिवसांचं मिळून रक्त जातं बहुधा ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. शरीरातली घाण बाहेर पडते हा समज निराधार आहे. हातातल्या शिरेतून तपासणीला घेतात तसलंच हे रक्त, सोबत फक्त सुटलेलं अस्तर.

बहुतेक सस्तन प्राण्यांना पाळी येत नाही. (कुत्रीला माजावर येताना रक्त जातं, ते वेगळं.) त्यांचं अस्तर गर्भाची चाहूल लागल्यावर तयार होतं. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं अशा मोजक्यांच्या शरीरात ही तयारी गर्भाची वाट न पाहता, दर खेपेला आधीच होते.

यातलं काहीही ठाऊक नसताना तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीचा विटाळ नाकारला. नाकाला शेंबूड येतो, डोळ्यांना चिपडं येतात, तसाच हा एक देहधर्म, असं त्यांचं सांगणं. म्हणजे विटाळ सोडायला संप्रेरकांची नावं पाठ असावी लागतात असं नाही. आणि नावं पाठ असलेल्या डॉक्टरांच्या घरीही चार दिवस देव्हारा वर्ज्य असू शकतो.

येरवड्याला विटाळाच्या प्रश्नाचं ओझं थोडं जास्त आहे. इथल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी, अस्पृश्य मानलेल्यांच्या प्रतिनिधित्वाविषयीचा, पुणे करार झाला. पुढे संविधानाच्या १७व्या अनुच्छेदानं अस्पृश्यता रद्द केली. २०१८च्या शबरीमला मंदिरप्रवेशाच्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून बाईला दूर ठेवणं हेही याच अनुच्छेदात बसतं, असं लिहिलं. पीठातल्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांना ते मान्य नव्हतं, आणि नंतर प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. मला चंद्रचूडांचं म्हणणं पटतं. स्पर्शानं वस्तू बाटते असं मानलं, की मग स्पर्श जातीमुळे टाळला की पाळीमुळे, हा नुसता तपशील उरतो.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: पूर्वीच्यांनी बायकांना विश्रांती मिळावी म्हणून हे केलं. विश्रांतीच द्यायची होती तर ताट वेगळं कशाला? तापानं फणफणलेल्या मुलाला आपण विश्रांती देतो, पण त्याचा हात लागलेल्या वस्तू पाणी शिंपडून शुद्ध करत नाही.

विश्रांती खरोखर हवी होती ती बीडच्या ऊसतोड बायकांना. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि मुकादमाचा दंड. पाळीचा, पोटदुखीचा त्रास कायमचा मिटावा म्हणून कित्येकींनी पिशवीच काढून टाकली. २०१९च्या शासकीय समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. तिथे चार दिवस बाजूला बसवायला कुणी पूर्वज आला नाही.

खाडा हा शब्द येरवड्यातही रोज ऐकू येतो. इथल्या बायका सकाळी कल्याणीनगर, कोरेगाव पार्कात धुण्याभांड्याला जातात. पोटात कळ असते त्या दिवशीही त्या दुसऱ्याच्या घरची फरशी पुसतात, पूजेची भांडी घासतात, आणि तिथे विटाळाची चौकशी कुणी करत नाही, कारण चौकशी केली तर काम कोण करणार? संध्याकाळी घरी परतल्यावर स्वतःच्या देव्हाऱ्यातला दिवा मात्र त्या मुलाला लावायला सांगतात. महिन्याचा एक दिवस, पैसे न कापता, त्यांना मागता येईल अशी किती घरं त्या सोसायट्यांत आहेत?