पाचव्या प्रयोगाची तिकिटं

चि. नातीस,


तुझी संहिता दोनदा वाचली. दुसऱ्या अंकातली सासू फार खरी उतरली आहे. पण शेवटी तू विचारलंस, ‘आजी, बायकांची नाटकं टिकत का नाहीत?’ आधी त्याबद्दल लिहिते.

हिराबाई पेडणेकरांचं नाव तुला ठाऊक आहे ते वसंत कानेटकरांनी त्यांच्यावर लिहिलेल्या ‘कस्तुरीमृग’ नाटकामुळे. हिराबाईंचं स्वतःचं नाटक ‘दामिनी’ १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ने रंगमंचावर आणलं. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुष करत, तेव्हाची ही गोष्ट. गिरिजाबाई केळकरांनी खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिलं आणि १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षही झाल्या. ‘दामिनी’ आणि ‘पुरुषांचे बंड’ या दोन्ही नाटकांचा एकही प्रयोग मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. लिहिणाऱ्या बायका होत्या गं. त्यांचं नाटक पुन्हा पुन्हा लावणारं कोणी नव्हतं.

नाटक कंपनी काढणाऱ्या बाईचीही गत तीच. गायिका हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन ‘नूतन संगीत विद्यालया’ची नाट्यशाखा काढली. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या, हा त्यांचा आग्रह. कंपनी बुडाली, डोक्यावर कर्ज राहिलं आणि ते त्यांनी मैफली करून फेडलं. गळ्यात तसं गाणं नसलेल्या बाईने काय केलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मीही सव्विसाव्या वर्षी एक नाटक लिहिलं होतं. एका निर्मात्याने चार पानं चाळली आणि म्हणाला, ‘बाईंचं नाटक, दौऱ्यावर कोण बोलावणार?’ मी ती वही ट्रंकेत टाकली. त्याचं दुःख आजही आहे.

पुढे ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ पाहिलं. स्त्री मुक्ती संघटनेच्या बायका, ना पडदा, ना नेपथ्य. बाया जमिनीवर बसून बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. नाट्यगृहाची तारीख मिळण्याची वाटच त्यांनी पाहिली नाही, म्हणून ते नाटक गावोगाव पोचलं. सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ लिहिलं आणि एकटीने उभं केलं. या दोघींपुढे मी हात जोडते.

पण तू यातून चुकीचा धडा घेऊ नकोस. बाईचं नाटक म्हणजे एक नटी, एक खुर्ची आणि कमी खर्च, असं आता सगळ्यांनी गृहीतच धरलंय. ती काटकसर पैसे नव्हते म्हणून आली होती. तुझ्या नाटकात अकरा पात्रं आहेत, दुमजली वाडा आहे, पाऊस आहे. कोणी म्हणेल चार पात्रांत बसवा. बसवू नकोस. पुरुषाच्या संहितेला वाडा मिळतो, तर तुझ्या सासूलाही जिना उतरून येऊ दे.

पैशांचं बोलते. पहिल्या प्रयोगाला नातेवाईक येतात, हारतुरे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते: नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची नाइट. म्हणून आमच्या भिशीतल्या बाराजणींनी ठरवलंय, आम्ही पहिल्या प्रयोगाला येणार नाही. पाचव्याला येऊ, तिकिटं काढून. पास पाठवू नकोस. तुझ्या मैत्रिणींनाही सांग, त्यांच्या आया, मावश्या, आज्यांनी सहावा, सातवा प्रयोग वाटून घ्यावा.

तारीख ठरली की लगेच कळव.

तुझी,
आजी