चुकारा मागणाऱ्याला दिलेले उत्तर

शंका : मी तुमसरच्या एका आडतीवर मुनीम आहे, आमचे घराणे कॅथोलिक. धानाचा चुकारा मागायला शेतकरी येतात तेव्हा मालक आतल्या खोलीत बसलेले असूनही ‘शेठ नागपूरला गेले आहेत’ असे सांगण्याचा मला हुकूम असतो. सत्कार्यासाठी असत्य बोलण्यास संत पौलांचीही मुभा आहे, असे लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’त वाचले. मग नोकरी टिकवण्यासाठी बोललेले माझे असत्य पाप का ठरावे?

समाधान : प्रथम संत पौलांवरील आळ दूर करणे अगत्याचे आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातील ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात, सत्याच्या अपवादांचा विचार करताना, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील सातव्या वचनाचा आधार लोकमान्यांनी घेतला आहे हे खरे. परंतु ते वचन पौलांचे मत नसून प्रतिपक्षाच्या तोंडी घातलेला पूर्वपक्ष आहे, आणि लगतच्या आठव्या वचनात, चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे ही शिकवण आपल्या माथी मारणाऱ्यांचा पौल निःसंदिग्ध धिक्कार करतात. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांचा भेद ज्यांच्या हाडीमाशी खिळला होता, त्या लोकमान्यांकडूनच तो येथे निसटावा, याची मला हळहळ वाटते.

वादाचे खरे मर्मस्थान आहे ते प्राण वाचवण्यासाठी बोललेले असत्य. कर्णपर्वातील कौशिकाने सत्यव्रताच्या अभिमानापायी दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. त्यावर श्रीकृष्णांचा निवाडा असा, की मौनाने निभावत असेल तर मौन धरावे, न निभावल्यास असत्यच श्रेयस्कर. संत अगस्तीन यांतील पहिल्या पायरीपर्यंत सोबत येतात, दुसरी मात्र चढत नाहीत. त्यांच्याच जन्मगावचे, तागास्तेचे, बिशप फिर्मस यांनी एका माणसाला आश्रय दिला होता. बादशहाचे शिपाई त्याच्या शोधात आले तेव्हा फिर्मस म्हणाले, की मी खोटे बोलणार नाही आणि त्याला स्वाधीनही करणार नाही. त्यांचा छळ झाला, त्यांना बादशहासमोर उभे करण्यात आले, आणि त्यांच्या निश्चयाने विस्मित होऊन बादशहाने त्या माणसाला माफी दिली. सत्याची किंमत कौशिकाने दुसऱ्यांच्या प्राणांनी चुकवली. फिर्मस यांनी ती स्वतःच्या देहाने चुकवली.

सगळेच फिर्मस होऊ शकत नाहीत, हे ख्रिस्तसभा जाणते. म्हणून संत थॉमस अक्विनास यांनी दुष्टाव्याचे, थट्टेचे आणि परोपकाराचे असत्य असे भेद करून शेवटची दोन सामान्यतः क्षम्य पापांत धरली. मिसरातील सुइणींनी इब्री बालके वाचवताना फारोला थाप मारली, तिचे फळ देवाने दिले ते त्यांच्या ईश्वरभीरुतेला, थापेला नव्हे, असेही ते म्हणतात. क्षम्य म्हणजे विहित नव्हे. धर्मशिक्षणग्रंथाच्या १९९२ च्या आवृत्तीत असत्याची व्याख्या करताना ‘ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याला’ फसवणे असे शब्द होते. १९९७ च्या अधिकृत लॅटिन पाठात ते वगळले गेले. तथापि ज्याला जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे सत्य उघड करण्यास कोणीही बांधलेला नाही, हे वचन कायम आहे. अर्थात मौनाला जागा आहे. मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवून ‘मी खोटे बोललोच नाही’ अशी समजूत करून घेण्याला नाही. ती पळवाट पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ सालीच बंद केली.

आता आपली आडत. तेथे कोणाचा जीव वाचत नाही. समोरच्या माणसाने चार महिने चिखलात उभे राहून पिकवलेले धान आपल्या काट्यावर मोजून दिले आहे, आपल्याच खतावणीत त्याच्या नावावर रक्कम जमा आहे, आणि ती कधी मिळणार हे जाणण्याचा हक्क जगात कोणाला असेल तर तो त्यालाच आहे. ‘शेठ नागपूरला’ या उत्तराने त्याचा दिवस बुडतो, एस.टी.चे भाडे बुडते, सावकाराकडचा वायदा हुकतो. हे परोपकाराचे असत्य नव्हे. ज्याचे देणे आहे त्याचेच नुकसान करणारे आहे. हुकुमामुळे आपला दोष हलका होईल, नाहीसा होणार नाही.

‘शेठ आज भेटणार नाहीत’ एवढे आपण निर्वेधपणे सांगू शकता, कारण ते खरे आहे. पण चुकाऱ्याची तारीख मालकांकडून मागून घेणे हेही आपले कर्तव्य आहे. येत्या हंगामाचे धान काट्यावर येण्यापूर्वीच मालकांशी हे बोलून घ्या.