‘चालायचंच’ म्हणण्याचा हक्क

कादंबरीवरून सिनेमा काढणं म्हणजे मुलगी सासरी देण्यासारखं आहे. चार महिन्यांनी बाप भेटायला जातो, तर तिचं नाव बदललेलं, केस कापलेले आणि माहेरची म्हणून जी एक खोड होती ती नेमकी मोडलेली. त्यामुळे स्वतःच्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून बाहेर पडलेला लेखक डोळे तरी पुसतो, नाहीतर वकिलाचा पत्ता तरी विचारतो. कर्ट व्हॉनेगट हा अमेरिकन लेखक याला अपवाद. त्याच्या १९६९ सालच्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ या कादंबरीवर जॉर्ज रॉय हिलने १९७२ साली सिनेमा काढला आणि सासरेबुवा जावयावर चक्क खूश झाले!

बरं, मुलगी नांदवायला सोपी होती म्हणावं, तर तसंही नाही. नायक बिली पिलग्रिम हा चष्म्याचे नंबर काढणारा गृहस्थ. पण हा काळातच घसरतो. आत्ता घरात आहे म्हणावं, तोवर १९४४ च्या बर्फात जर्मनांचा कैदी. तिथे डोळा मिटला की परग्रहावरच्या प्राणिसंग्रहालयात, एका सिनेनटीच्या शेजारी. दुपारी तीननंतर आमच्या बँकेतले काही सहकारीही असेच काळात घसरतात. पण ते परत त्याच खुर्चीत उतरतात. सिनेमाला हे जमून गेलं. कात्री मारली की काळ बदलतो.

अडचण वेगळीच होती. या सगळ्या गमतीच्या मधोमध ड्रेस्डेन शहर आहे. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या तीन दिवसांत ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ते जाळलं. व्हॉनेगट तेव्हा तिथे युद्धकैदी होता. कत्तलखान्याखालच्या मांस साठवायच्या कोठीत होता म्हणून वाचला आणि मग ढिगाऱ्यांखालची प्रेतं काढायला जुंपला गेला. त्यावर पुस्तक यायला चोवीस वर्षं गेली आणि आलं ते विनोदी! आता अशा गोष्टीवर हसावं का?

कादंबरीत व्हॉनेगटने एक शिक्का बनवून घेतलाय. कुणीही मेलं की तीन शब्दांचा एक उद्गार, आपल्या ‘चालायचंच’च्या जातीचा. सैनिक मेला, मार शिक्का. शहर जळलं, मार शिक्का. कपड्यातल्या उवा मेल्या, शॅम्पेनचा फेस मेला, तरी शिक्का! एकही व्हाउचर त्याशिवाय पुढे सरकत नाही. असे शंभरावर शिक्के आहेत. पहिल्या दहांना हसू येतं. पन्नासाव्याला ते आटतं. मग ध्यानात येतं, की हा माणूस बेफिकीर नाही. एकाही मरणाची नोंद चुकवायला तो तयार नाही.

हिलने सिनेमातून हा शिक्काच काढून टाकला. पुस्तकावर जीव असणाऱ्यांना वाटणार, सत्यनारायण केला आणि प्रसाद वगळला. मला मात्र वाटतं, त्याने नीतीला धरून केलं.

ज्याचा सख्खा भाऊ गेला तो तेराव्याला ओटीवर बसून ‘चालायचंच’ म्हणतो, तेव्हा आपण मान खाली घालतो. तोच शब्द समाचाराला आलेल्या शेजाऱ्याने चहाचा घोट घेत, घड्याळाकडे बघत म्हटला तर? शब्द तोच, पण एकाच्या खात्यातून रक्कम वजा झालीये, दुसरा नुसतं पासबुक वाचतोय. कादंबरीत व्हॉनेगट मधेमधे डोकावून सांगतो की मी तिथे होतो. सिनेमात तो नाही. हिल स्वतः महायुद्धात वैमानिक होता, पण ड्रेस्डेनच्या त्या कोठीत नव्हता. आपण प्रेक्षक तर तिकिटापलीकडे काहीच मोजलेलं नाही. सगळे शेजारीच!

मग शेजाऱ्याने काय करावं? बघावं आणि गप्प बसावं. सिनेमा तेच करतो. एडगर डर्बी हा उतारवयाकडे झुकलेला सज्जन शिक्षक. जळालेल्या शहरात त्याला चिनीमातीची एक न फुटलेली बाहुली सापडते. (कादंबरीत ती चहाची किटली आहे.) तो ती उचलतो. चोरी! जर्मन सैनिक त्याला बाजूला नेऊन गोळ्या घालतात. भाषण नाही, आसवं नाहीत. अख्खं शहर जाळल्याबद्दल कुणाला शिक्षा नाही आणि एका बाहुलीबद्दल मात्र हातोहात न्याय. विनोद आहेच, पण हसू ओठांपर्यंत येतं आणि परत फिरतं.

कादंबरीत ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडा १,३५,००० दिलाय. इतिहासकारांच्या समितीने २०१० साली तो फार तर २५,००० ठरवला. पाच पैशांच्या फरकासाठी आम्ही संध्याकाळ घालवतो. इथे तर १,१०,००० चा फरक! आकडा दुरुस्त करायलाच हवा. पण तेवढ्याने पापही पाचाला एक या भावाने उतरलं असं जो मानेल, तो कारकून चांगला असेल, माणूस बेताचाच. डर्बीचं मरण एकच होतं. एकातून काय वजा करणार?

हल्ली रोज रात्री जेवताना टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या शहराचे ढिगारे दिसतात. ‘चालायचंच’ म्हणत आपण आमटी वाढून घेतो. आमटी घ्यावी, जेवल्यावाचून कुणाचंच भलं होत नाही. पण तो शिक्का तेवढा आपण वापरू नये. तो ज्याच्या नावावर आहे, तो माणूस ढिगाऱ्यात कुणाला तरी शोधत असतो.